लोहारा-वाशीला होते, आपल्याला नव्हते

मंगळवारी नगरपालिकांचे मतदान झाले, बुधवारी मोजणी व्हायची होती. ती आता 21 डिसेंबरला. नागपूर खंडपीठाने मतदानाच्या दिवशीच तसा आदेश दिला आणि सगळ्या राज्याच्या पेट्या कुलपात गेल्या. त्याआधी शनिवारी रात्री निवडणूक आयोगाने धाराशिव शहरातल्या काही जागांचे मतदान 20 तारखेवर ढकलले होते, उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल वेळेत आले नाहीत म्हणून. म्हणजे 19 ला येळवस (वेळ अमावास्या), 20 ला उरलेले मतदान, 21 ला गुलाल. यंदा शिवारात कोपीपुढे भज्जी-आंबिलीच्या पंगतीला दुसरा विषय निघणार नाही. निकाल एकाच दिवशी लागावा यामागचा न्यायालयाचा विचार मला मान्य आहे. पण ज्या मतदाराला चार वर्षे ताटकळत ठेवले, त्यालाच मत दिल्यावर आणखी 19 दिवस थांब म्हणायचे, याचा मला मनापासून राग येतो.

गेला आठवडा बघा. 26 नोव्हेंबरला चिन्हे मिळाली आणि 1 डिसेंबरच्या रात्री दहाला भोंगे बंद झाले. अपक्षाला आपले चिन्ह घरोघर पोचवायला सहा दिवस. थंडीत पहाटे फिरायला निघालेल्यांना गाठायचे, उजाडल्यावर गल्लीत शिरायचे, दुपारी मतदार याद्या फोडत बसायचे, संध्याकाळी कॉर्नर सभा, रात्री शेकोटीभोवती जो भेटेल त्याचे ऐकून घ्यायचे. यंदा दुबार नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या, त्यामुळे यादी घेऊन बसणाऱ्या पोरांचे काम दुप्पट झाले. आमच्या भागातले एक माजी नगरसेवक या आठवड्यात पोलचिट वाटायला स्वतः फिरत होते. कोणत्या घरचा मुलगा पुण्याला आहे, कोणती म्हातारी जिना उतरू शकत नाही, कुणाच्या दारात नळाला पाणी चढत नाही, सगळे त्यांना तोंडपाठ होते.

या धावपळीला नावे ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पाच वर्षांत एकदा तोंड दाखवतात, असे ओट्यावर बसून म्हणायचे आणि पोलचिट खिशात घालायची. मी त्यात सामील होणार नाही. नगरसेवकाचे काम नेमके हेच आहे. दारात जाणे, ऐकून घेणे, कुणाचे काय अडले आहे ते लक्षात ठेवणे आणि ते सभागृहात जाऊन मांडणे. या आठवड्यात तांबरी विभागापासून खाजानगरपर्यंत जे दिसले, तो प्रभागाचा नेहमीचा आठवडा असायला हवा होता. तो तसा का राहिला नाही, याचे उत्तर त्या बिचाऱ्या उमेदवाराकडे मागू नका. 2016 च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या गोंधळात, आपण नगरपालिका निवडली. तिची मुदत संपली आणि त्यानंतर सभागृहच राहिले नाही. ठराव मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासक. माजी नगरसेवकाने दारात जाऊन ऐकले, तरी ते नेऊन मांडायचे कुठे?

आरक्षणाचा तिढा, प्रभागरचना, तारखांवर तारखा, हे सगळे या जागेवर लिहून झाले आहे. घटनेने पालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणून सांगितले, 74 व्या दुरुस्तीने, 1993 पासून. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावले तेव्हा यंत्रणा हलली. ते पुन्हा उगाळत नाही. पण या सगळ्या काळात आपल्याच जिल्ह्यात एक गोष्ट चालू होती, तिच्याकडे कुणी नीट पाहिले नाही.

लोहारा आणि वाशी. जिल्ह्यातल्या या दोन नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये झाली. राज्यातल्या शंभराहून अधिक नगरपंचायतींबरोबर ती उरकली. त्यामुळे धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा या आठही नगरपालिका प्रशासकाच्या हाती असताना, जिल्ह्यातल्या दोन लहान गावांत मात्र प्रत्येकी 17 निवडून आलेले सदस्य बसत होते. एक लाखावर वस्तीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक नगरसेवक नाही आणि वाशीत 17! गेल्या आठवड्यात इथे भोंगे वाजत होते तेव्हा तिथे शांतता होती, कारण तिथले सदस्य अजून मुदतीत आहेत.

हा फरक सप्टेंबरच्या पुराने उघडा पाडला. परंडा, भूम, वाशी, कळंब या तालुक्यांत जे झाले ते वेगळे सांगायला नको. सीनाकाठच्या गावांत माणसे छपरांवर अडकली, हेलिकॉप्टर आले. परंडा तालुक्यातल्या वडनेरला खासदार ओमराजे निंबाळकर बचाव पथकाबरोबर स्वतः पाण्यात उतरले, ती चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यांच्या धाडसाला माझा सलाम आहे. पण त्या चित्रफितीत मला आणखी एक गोष्ट दिसली, ती मी तेव्हापासून सांगतो आहे. औशापासून बार्शीपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघांचा हा खासदार. त्याच्या खाली आमदार आणि तळाला गावचा सरपंच. मधे कोण? जिल्हा परिषद सदस्य नव्हता, पंचायत समिती सदस्य नव्हता, शहरात नगरसेवक नव्हता. 2022 पासून आपण जिल्ह्याचा मधला सगळा मजला रिकामा ठेवला. वरच्याला थेट पाण्यात उतरावे लागले, यात त्याचा मोठेपणा आहे आणि आपल्या व्यवस्थेची लाज आहे.

आता परंडा शहर आणि वाशी शहर शेजारी ठेवा. दोन्ही तालुक्याची गावे, दोन्हीकडे तोच पाऊस. पाणी ओसरल्यावर दुकानदाराचा माल भिजला, मागच्या खोलीची भिंत खचली, पंचनाम्यात नाव सुटले, मदतीच्या यादीत खाते क्रमांक चुकला. सरकारने 7 ऑक्टोबरला 31 हजार 628 कोटींची मदत जाहीर केली. एवढा मोठा आकडा घरापर्यंत येतो तो यादीतल्या एका ओळीतून, आणि ती ओळ दुरुस्त करून घ्यायला माणूस लागतो. गावात हे काम सरपंचाच्या ओट्यावर होते. वाशीच्या बाईला आपल्या प्रभागाचा सदस्य कोण, हे माहीत होते. तो कामाचा असो वा नसो, त्याच्या दारात जाऊन भांडता येत होते आणि पुढच्या वेळी बघून घेते असे त्याला सुनावता येत होते. परंड्याच्या बाईने कुणाला सुनवावे? प्रशासकाची बदली होते. तो चांगला असला तरी त्याला तिच्या मताची गरज नसते. वाशीची गटारे परंड्यापेक्षा स्वच्छ आहेत, असा माझा दावा नाही. वाशीतही तक्रारी असतील, आणि असल्याच पाहिजेत. फक्त त्या तक्रारीला तिथे एक घर होते.

धाराशिवकरांनी स्वतःचीच चार वर्षे आठवावीत. उजनीचे पाणी शहरात येऊन इतकी वर्षे झाली, तरी घरात भांडी भरून ठेवायची सवय सुटलेली नाही. नळ किती दिवसांनी सुटणार हे विचारायला आपण कुठे गेलो? पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला फोन केला, तो उचलेनासा झाला की दुसऱ्याचा नंबर शोधला. शहराचा पाण्याचा प्रश्न ज्या सभागृहात गाजायचा, त्या सभागृहाला कुलूप होते.

आणि आता माझा जुना हट्ट. लोहारा-वाशीत एका प्रभागाला एक सदस्य आहे. आपल्याकडे दोन. मंगळवारी धाराशिवच्या बहुतेक मतदारांनी तीन बटणे दाबली, एक नगराध्यक्षाचे आणि दोन नगरसेवकांची. केंद्राबाहेर माणसे विचारत होती, दोघांपैकी आपला कोणता? उत्तर असे की दोघेही आपले. व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते 2016 नंतरच्या पाच वर्षांत आपण भोगले आहे. नालीची तक्रार ‘अ’कडे नेली की तो ‘ब’कडे पाठवतो, ‘ब’ म्हणतो तो भाग त्यांच्याकडे आहे. दोघे एका पक्षाचे असले तर एक गप्प बसतो आणि वेगवेगळ्या पक्षांचे असले तर काम अडते. पक्षांना ही पद्धत सोयीची वाटते, कारण जोडी लावली की कमकुवत उमेदवार बळकटाच्या आधाराने निघून जातो. एकट्या उमेदवाराला, विशेषतः पैसा नसलेल्या अपक्षाला, दुप्पट मोठा प्रभाग पायी तुडवावा लागतो. एक प्रभाग, एक नगरसेवक, हे मी लिहीत राहणार. वाशीला जे जमते ते धाराशिवला का जमू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

तोवर 21 तारखेला जे निवडून येतील त्यांनी एवढे तरी करावे. प्रभागातल्या गल्ल्या आपसात वाटून घ्याव्यात आणि कोणती गल्ली कुणाची, हे दोघांच्या फोन नंबरासह चौकात फलक लावून जाहीर करावे. गेल्या आठवड्यात ज्या याद्या फोडून घर न घर टिपले, त्या वह्या फेकू नयेत. पाणी, नाली, दिवा, घरकुल, ज्याने जे सांगितले ते त्यात लिहिलेले आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेला त्याच वह्या घेऊन बसावे.

जिल्हाधिकारी कार्यालय आणि निवडणूक आयोग यांनी आजपासून एका तारखेवर लक्ष ठेवावे. पालिकेची पाच वर्षे पहिल्या सभेपासून मोजली जातात. लोहारा आणि वाशीचे सदस्य 2022 च्या सुरुवातीला बसले, म्हणजे त्यांची मुदत 2027 च्या सुरुवातीला संपते. प्रभागरचना, आरक्षणाची सोडत, हरकती, मतदार याद्या हे सगळे 2026 च्या पावसाळ्याआधी सुरू झाले नाही, तर त्या दोन गावांतही प्रशासक येऊन बसेल आणि जिल्ह्यात जो एक नमुना शिल्लक होता तोही आपण घालवू. लोहाऱ्याच्या आणि वाशीच्या सदस्यांनी या महिन्याच्या सभेतच तसा ठराव करून आयोगाला पाठवावा.