रात्रीच्या या येरझाऱ्यांची दखल घ्यावी

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन

विषय : 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम'ची ओळख प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचवण्याबाबत

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार आहे. दिवसभराची कामे आटोपून माणूस अंथरुणाला पाठ टेकतो आणि पोटऱ्यांत खोलवर वळवळ सुरू होते. कुणाला आत मुंग्या सरपटल्यासारखे वाटते, कुणाला पाय आतून ओढल्यासारखे, तर कित्येकांना ते धड सांगताही येत नाही. पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते, आडवे होताच पुन्हा तेच. त्रास स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर होतो, हालचालीने कमी होतो आणि संध्याकाळनंतर वाढतो. निदान मुख्यतः याच खुणांवरून, पायात गोळे येणे किंवा शिरांचे दुखणे यांसारखी दुसरी कारणे वगळून केले जाते. एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये तो दिसत नाही. म्हणजेच विचारले नाही तर तो सापडत नाही.

घरोघरी त्यावरचे उपाय मात्र चालू असतात. पोटऱ्यांना ओढणी करकचून बांधून झोपायचे, गार फरशीवर पाय टेकायचे, मुलांकडून पाय चेपून घ्यायचे, मध्यरात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालायच्या. रात्रीच्या एसटीत खिडकीजवळची जागा अशा माणसाला शिक्षा वाटते, कारण तिथून उठता येत नाही. दवाखान्यात 'वात आहे', 'थकवा आहे', 'टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर बोळवण होते. झोप न झालेली बाई सकाळी पुन्हा डबे करायला उभी राहते आणि तिच्या चिडचिडीची चर्चा होते, पायांची होत नाही.

हा विकार नवा नाही. इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये त्याचे वर्णन केले, तर स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी 1945 मध्ये त्याला आजचे नाव दिले. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो बळावतो. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर ओसरतो. डायलिसिसवरील रुग्णांतही त्याचे प्रमाण मोठे आहे. चार तास खुर्चीत स्थिर राहणे असह्य झाल्याने काही जण उपचार अर्धवट सोडून उठतात, आणि हे हट्टीपणाचे लक्षण समजले जाते.

विभागाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा धागा लोहाचा आहे. मेंदूत डोपामिन तयार होण्यासाठी लोह लागते आणि या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत ते कमी आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पण केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. ते ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, आटलेला असू शकतो. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात फेरिटिन 20 किंवा 30 असले तरी 'सामान्य' असा शेरा येतो. या विकारात मात्र ते 75 किंवा त्याहून कमी असल्यास प्रौढांना लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. जंतुसंसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन फसवे वाढते, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावे लागते. गोळ्यांनी साठा भरायला महिने लागतात, जेवणाला लागून घेतलेला चहा लोह शोषू देत नाही, आणि गोळ्या लागू न पडल्यास शिरेतून लोह देता येते. तपासणीवाचून कुणी मनाने लोह घेत राहू नये, कारण जादा लोहही घातक असते.

औषधांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइन, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरील बरीच औषधे हा त्रास वाढवतात. झोप येत नाही म्हणून गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेणारा रुग्ण नकळत आगीत तेल ओततो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी सुरुवातीला झकास आराम पडतो. पण दीर्घकाळ घेतल्यास अनेकांत त्रास दुपारपासूनच सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो आणि डोस वाढवावा तसा चिघळतो. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. म्हणून आता बहुतेक रुग्णांत गाबापेन्टिन, प्रीगाबालिन यांना आधी पसंती दिली जाते. त्यांचेही दुष्परिणाम आहेत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत डोस कमी ठेवावा लागतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर निर्णय अधिकच जपून घ्यावा लागतो.

यासाठी नवी योजना उभारण्याची गरज नाही. गरोदर स्त्रियांची तपासणी दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होतेच; तिथे 'रात्री पडल्यावर पाय हलवल्यावाचून राहवत नाही का?' एवढा प्रश्न विचारला जावा. आशाताईंच्या प्रशिक्षणात या लक्षणांचा समावेश व्हावा. उत्तर होकारार्थी आल्यास ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत फेरिटिनची तपासणी मोफत मिळावी. डायलिसिस केंद्रांतील परिचारिकांना हा विकार ओळखता यावा आणि अशा रुग्णाला यंत्र चालू असतानाही पाय हलवण्याची सुरक्षित मुभा असावी. एकबॉम यांचा जन्मदिवस, 23 सप्टेंबर, हा या विकाराचा जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर साध्या मराठीतले एक माहितीपत्रक लागावे, आणि त्यावर घेऊ नयेत त्या औषधांची नावे ठळक छापलेली असावीत.

कळावे.