तक्रार रुग्णाची, अपील डॉक्टरचे

वैद्यकीय हलगर्जीपणाविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग कागदावर अनेक आहेत. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. तथापि जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये त्या निकालाने कक्षेबाहेर राहिली. दिवाणी दाव्याचा खर्च श्रमिकाला झेपत नाही. उरते ती राज्याची वैद्यक परिषद. ती भरपाई देऊ शकत नाही. परंतु दोषी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळ वा कायमचे वगळू शकते. म्हणूनच तिच्या चौकशीचे स्वरूप हा गरिबांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावयास हवा. डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची संधी मिळते, आणि ते योग्यच आहे. व्यावसायिक अपात्रतेचा निवाडा मात्र समव्यवसायींनी करावयाचा असतो. वैद्यकाचे ज्ञान वैद्यांनाच असते, हे खरे. पण १९६३ मध्ये केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, रुग्ण आणि डॉक्टर यांच्या माहितीतील तफावत हेच या व्यवहाराचे मूळ वैशिष्ट्य आहे. ज्या तफावतीमुळे रुग्ण उपचाराच्या वेळी परावलंबी असतो, तीच त्याला चौकशीतही दुबळे करते.

यावर कडी म्हणजे २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा. पूर्वीच्या विनियमांत राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणाही व्यक्तीला अपिलाचा हक्क होता. नव्या कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क दिला आहे तो व्यथित वैद्यकव्यावसायिकाला. रुग्णाचा तेथे उल्लेख नाही. एका पक्षाला वरची पायरी आणि दुसऱ्याला नाही, याला न्याय म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून तपास आणि निवाडा यांची फारकत झाली. तपास जनरल मेडिकल कौन्सिल करते. निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणात डॉक्टरांबरोबर वैद्यकेतर सदस्यही बसतात, आणि सुनावणी सामान्यतः खुली असते.

हा डॉक्टरांविरुद्धचा लढा नव्हे. अपुऱ्या मनुष्यबळात राबणारा निवासी डॉक्टर चौकशीला उभा राहतो. पदे रिक्त ठेवणारे शासन आणि नफ्यासाठी खर्च कापणारे रुग्णालयाचे मालक यांची नावे त्या नोंदवहीत नसतात. खुल्या सुनावणीत ही वस्तुस्थितीही उजेडात येईल. प्रामाणिक डॉक्टरने तिला भिण्याचे कारण नाही.

कलम ३० मध्ये दुरुस्ती, निवाड्यात वैद्यकेतर सदस्य आणि कारणांसह प्रसिद्ध होणारे निर्णय, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. दरम्यान कार्यकर्त्यांनी एक गोष्ट वस्तीवस्तीत पोहोचवावी : रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. कागद हाती असेल तरच तक्रार उभी राहते.