निवृत्तांचा पूरक विमा: वजावटीच्या आकड्यातील मेख

नोकरीचा अखेरचा दिवस निरोप समारंभ आणि भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात सरतो. बहुतेक खासगी आस्थापनांत त्याच सुमारास मालकाने काढलेल्या गटविम्याचे छत्रही दूर होते. पण त्याची जाणीव बहुधा पहिल्यांदा इस्पितळाची पायरी चढताना होते. उपचारांची गरज वाढते नेमक्या त्याच वयात, आणि हप्त्याचा दरही. साहजिकच कमी हप्त्यात मोठे संरक्षण देणाऱ्या पूरक विम्याकडे, म्हणजे ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ योजनांकडे, निवृत्तांचा ओढा आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण कुटुंबासाठी आहे. घरात दोघे ज्येष्ठ असल्यास ते त्यांच्यात विभागले जाते. ‘पहिले पाच लाख सरकारचे, त्यावरचे विमा कंपनीचे’ असा हिशेब त्यावरून मांडला जाणे स्वाभाविकच होते. वरकरणी तो बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात त्यात मोठी फट आहे.

आयुष्मान कार्ड चालते ते योजनेशी संलग्न रुग्णालयांतच, तेही ठरलेल्या पॅकेजच्या दराने. समजा, ७२ वर्षांच्या गृहस्थांनी पाच लाखांच्या वजावटीचा पूरक विमा घेतला आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर नातेवाइकांनी त्यांना जवळच्या, पण संलग्न नसलेल्या रुग्णालयात नेले. बिल सहा लाखांचे झाले, तर कंपनी एक लाख देईल. उरलेले पाच लाख घरचे. संलग्न रुग्णालयात गेल्यास मंजूर पॅकेजचा खर्च कार्डावरच भागतो आणि पूरक विम्याची वेळ सहसा येतच नाही. म्हणजे ही दोन संरक्षणे एकावर एक रचली जात नाहीत. वजावटीचा आकडा सरकारी योजनेकडे पाहून नव्हे, तर ऐनवेळी मुदतठेव मोडून किती रक्कम उभी करता येईल, हे पाहून ठरवावा लागतो. ती रक्कम दोन लाखच असेल, तर हप्ता जास्त पडला तरी वजावट दोन लाखांचीच हवी. अन्यथा छोटी का होईना, मूळ पॉलिसी हवी. केंद्रीय आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांच्या योजनेच्या लाभार्थींना तर आयुष्मान आणि आपली योजना यांतून एकच निवडावी लागते.

नावातील ‘सुपर’ हा शब्दही जाहिरातीपुरता नाही. पाच लाखांच्या वजावटीवर एकाच वर्षी चार आणि तीन लाखांची दोन बिले झाली, तर साधा टॉप-अप एक पैसाही देत नाही, कारण तो प्रत्येक दाखल होणे वेगळे मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि दोन लाख देतो. वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या वयात पहिला प्रकार घेण्यात फारसा अर्थ नाही.

नियामकाने २०२४ मध्ये नवीन पॉलिसीसाठीचे ६५ वर्षांचे बंधन काढले आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी कमाल चार वर्षांवरून तीनवर आणला. मात्र, वयाची अट गेली म्हणून अर्ज नाकारण्याचा कंपनीचा अधिकार गेलेला नाही. साठीला निवृत्त होणाऱ्याने सत्तावन्नाव्या वर्षीच पॉलिसी घेतली, तर प्रतीक्षा नोकरीतच संपते. ती संधी हुकलेल्यांना गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते. आधी काढलेली प्रतीक्षेची वर्षे त्यात जमेस धरली जातात. त्यासाठी गटविमा संपण्यापूर्वीच अर्ज करणे श्रेयस्कर.

हप्त्याबाबत जानेवारी २०२५ च्या आदेशाने थोडा दिलासा दिला: ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा, तर कंपनीला आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा करही गेला. तरीही स्वस्त हप्त्यामागे वीस टक्के सहभागाची अट दडलेली नाही ना, हे तपासावेच लागते. पाच लाखांच्या मंजूर दाव्यात ती लाखाची पडते. अर्जात मधुमेह वा रक्तदाब लपवणे त्याहून महागात जाते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा फेटाळता येत नाही. पण त्याआधीच्या पाच वर्षांत येता येता येणारे पहिले मोठे बिल याच मुद्द्यावर अडते.