आम्ही कुणाचे नोकर नाही!

गेल्या महिन्यात आम्ही घरात स्वातंत्र्य जाहीर केले. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात शिफ्ट करणारा माणूस सहा दिवस बॉयलरचा ताबेदार. सातव्या दिवशी तरी त्याने स्वतःचा मालक असावे की नाही? म्हणून सुट्टीच्या सकाळी पलंगावरूनच आम्ही फर्मान काढले, "आज आम्ही कुणाचे नोकर नाही. कुणी काम सांगायचे नाही!"

अंमलबजावणी कडक झाली. शेजारच्या चाचांनी भुसावळपर्यंत सोडायला सांगितले. आम्ही रिक्षा मिळते म्हटले. अम्मींनी चष्मा शोधून मागितला. आम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. धाकट्याने भागाकाराची वही पुढे केली. त्याला स्वावलंबनाचे महत्त्व सांगितले.

बेगम स्वयंपाकघरातून सारे ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुबारक हो! तुमची सुट्टी आज. माझी कोणत्या वारी असते?"

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. निकाहाला 24 वर्षे झाली, पण असा वार काही सापडेना.

"मग आज माझीही," असे म्हणून त्या अम्मींशेजारी जाऊन बसल्या.

दहाचा चहा आला नाही. बारा वाजले तरी भरताची वांगी टोपलीतच. तीही आज कुणाची नोकर नव्हती. टॉवेल कुठे आहे विचारले, तर धाकट्याने आम्हाला स्वावलंबनाचे महत्त्व सांगितले.

रिकाम्या पोटी माणसाला आपला धंदा आठवतो. आमच्या केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत. एवढा दांडगा संच, पण ग्रिडपासून अचानक तुटला की स्वतंत्र होत नाही, ट्रिप होतो. इकडे कुणी जेवढी वीज घेतो, तेवढी त्याच क्षणी तिकडे कुणीतरी द्यावी लागते. 2012 च्या 30 जुलैला उत्तरेची ग्रिड कोसळली. 31 ला पुन्हा उत्तरेची, शिवाय पूर्वेची आणि ईशान्येची. 60 कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. जी कारणे निघाली, त्यांत एक हेही होते की काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. आमच्या घरात 24 वर्षे जास्त कोण ओढत होते, त्यासाठी चौकशी समितीची गरज नव्हती.

बुखारीतली एक हदीस आम्ही लोकांना पुष्कळदा ऐकवली आहे. पैगंबर (स.) घरात काय करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ज्यांच्या एका शब्दावर सहाबी जीव द्यायला तयार, ते घरकाम करीत. आणि ज्यांचे घरात मांजरही ऐकत नाही, ते आम्ही पलंगावर!

उठलो. वांगी भाजली, थोडी स्वतःचीच बोटेही भाजली. भाकरी थापली; तिचा आकार जळगाव जिल्ह्याच्या नकाशावर गेला. बेगमनी मुकाट्याने खाल्ली आणि म्हणाल्या, "24 वर्षांत पहिल्यांदा गरम भाकरी खाल्ली." आम्हाला वाटले होते त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, आणि आम्हीही.

संध्याकाळी चाचांकडे जाऊन माफी मागितली. त्यांना दवाखान्यात जायचे होते.

आता बेगमची सुट्टी शुक्रवारी ठरली आहे. नेमक्या त्या दिवशी ड्युटी मिळावी म्हणून आम्ही एका दोस्ताला शिफ्ट बदलून मागितली.

"भाऊ," तो म्हणाला, "आपण काय कुणाचे नोकर आहोत?"