हालचालीचा हिशेब

रक्तदाब यंत्र सांगते, साखर रक्ताची तपासणी सांगते. परंतु मनुष्य आठवड्यात किती हालचाल करतो हे त्यालाच विचारावे लागते. आमच्या दवाखान्यांतून हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारला गेलाच तर "व्यायाम करता ना?" एवढ्यावर भागविले जाते. याला चौकशी म्हणता येणार नाही.

ही उपेक्षा परवडणारी नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. आठवड्यास १५० मिनिटे मध्यम श्रम, नाहीतर ७५ मिनिटे जोराचे श्रम, एवढीच किमान अपेक्षा असताना ही स्थिती आहे.

अशी माणसे हुडकण्यासाठी प्रश्नावल्या तयार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत १६ प्रश्न असून काम, ये-जा, फावला वेळ आणि बैठक या सर्वांचा हिशेब तीत मागितला जातो. इंग्लंडातील डॉक्टरांसाठी केलेली प्रश्नावली याहून आटोपशीर आहे. ती रुग्णाची गणना निष्क्रियापासून सक्रियापर्यंतच्या चार वर्गांपैकी एकात करते.

अर्थात येथे परीक्षार्थीच आपली उत्तरपत्रिका तपासतो, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडातील प्रश्नावलीत चालण्याविषयी व घरकामाविषयी विचारतात खरे, पण ती उत्तरे भरवशाची नसल्यामुळे वर्ग ठरविताना धरीत नाहीत. आपल्याकडे गोंधळ आणखी वेगळा. रविवारी एकदा बागेत फेरी मारणारे गृहस्थ "चालतो की!" म्हणून मोकळे होतात, उलट चार घरची धुणीभांडी करणारी बाई व्यायामाचे नाव काढताच "छे, वेळ कुठे?" म्हणते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक, आणि दोन्ही फसवी!

म्हणून प्रश्न नेमके हवेत व मराठीतून हवेत. काल स्टेशनावर पायी गेलात की रिक्षाने? किती मिनिटे चाललात? सलग किती तास खुर्चीवर होता? रक्तदाबाच्या आकड्याशेजारी ही उत्तरे लिहिण्यास डॉक्टरांना पाच मिनिटेही लागू नयेत. मात्र "चाला" असा सल्ला मिळालेल्या माणसाने चालावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर महापालिकेने द्यावयाचे आहे. फेरीवाले, मोटारी आणि खोदकाम यांतून उरलेल्या पदपथावर साठीची गृहिणी १५० मिनिटे कशी चालणार?

तोवर आमच्या सुशिक्षित वाचकांनी ही प्रश्नावली स्वतःस लावून पाहावी. उत्तर देताना मात्र गेला आठवडा आठवावा. पुढल्या सोमवारपासून सुरू होणारा नव्हे.