साल कसलं विचारता, दाते मोजा!

गाडीला दुसरा गिअरबॉक्स बसवायचा तर तो त्याच सालचा हवा, हा नियम ज्याने काढला त्याने आयुष्यात कधी गिअरबॉक्स खाली उतरवला नसणार, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "नाव तेच आहे ना, मग कुठलाही बसतो हो" म्हणणारा त्याचाच सख्खा भाऊ.

विषय माझ्या जीपचा आहे हे घरच्यांच्या लक्षात आलंच असेल. (काकू, तुम्ही इथेच थांबलात तरी मी रागावणार नाही.) आपल्याकडे जीप म्हटलं की महिंद्रची डोळ्यांपुढे येते. ही ती नव्हे. ही चेरोकी, जाणकार हिला एक्सजे म्हणतात. अमेरिकेत ती १९८४ ते २००१ या मॉडेल-वर्षांत विकली गेली. १९८७ पासून चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनामागे जपानच्या आयसिन-वॉर्नरचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आला. नाव एडब्ल्यू-४, टोयोटाच्या ए-३४० घराण्यातला. शेवटपर्यंत तोच राहिला. पंधरा वर्षं एकच नाव, आणि सगळा घोळ इथेच आहे.

माझी गाडी १९८९ची. गेल्या वर्षी इथल्या (म्हणजे कोलोरॅडोतल्या) एका वर्कशॉपमध्ये मला सांगण्यात आलं की ८९चा बॉक्स मिळत नाही, तेव्हा एकतर जुना पूर्ण उघडून नव्याने बांधा नाहीतर गाडी भंगारात द्या. बांधायचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त! मी विचारलं, "९५चा बॉक्स घेतला तर आउटपुट शाफ्टला किती स्प्लाइन येतील?" साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. त्यात फक्त सालं होती. दात्यांचा रकानाच नाही.

आता हे दाते म्हणजे काय ते सांगतो. गिअरबॉक्सच्या मागून शाफ्ट बाहेर येतो आणि ट्रान्सफर केसमध्ये घुसतो. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा. या शाफ्टवरच्या उभ्या खाचा आधी २१ होत्या, पुढे २३ झाल्या. २३वाला शाफ्ट २१च्या भोकात जात नाही, विषय संपला. पण याला उपाय आहे! ट्रान्सफर केसचा इनपुट गिअर बदलता येतो. केस उघडायची, जुना गिअर काढायचा, २३वाला घालायचा. गिअरच्या लांबीतही प्रकार आहेत, तेवढी ताडून घ्यायची. काम किचकट आहे, अशक्य नाही. कॅटलॉगवाल्याला मात्र 'किचकट' हा शब्द माहीत नसतो. त्याच्याकडे 'बसतो' आणि 'बसत नाही' एवढंच.

"पण सामान्य माणसाला त्याच सालचा बॉक्स सुरक्षित नाही का?" असं एका मित्राने विचारलं. नाही ना! हा बदल झाला तोच १९९१च्या मॉडेल-वर्षाच्या मध्यावर. म्हणजे कागदावर दोन्ही ९१च्या असलेल्या दोन गाड्यांचे बॉक्स एकमेकींना लागतीलच असं नाही. शिवाय मॉडेल-वर्ष आदल्या सालीच सुरू होतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर गाडी बनल्याचा महिना असतो, तो निदान काहीतरी सांगतो. म्हणजे जिथे या नियमाने वाचवायला हवं, नेमका तिथेच तो बुडवतो. मग उरतो कुणाच्या सोयीसाठी? काउंटरवाल्याच्या. आणि त्या सोयीपायी धडधाकट बॉक्स चिरडायला जातात. गाडी बंद होऊन दोन तपं होत आली, नवीन बॉक्स काही झाडाला लागत नाहीत.

त्याहून संताप येतो तो आजारच नसताना केलेल्या ऑपरेशनचा. या बॉक्समध्ये गिअर बदलायचा हुकूम कॉम्प्युटर देतो, दोन सोलेनॉइडमार्फत. त्या कॉम्प्युटरचा फ्यूज काढा. आता लिव्हर १-२ वर ठेवलात तर पहिला गिअर, ३ वर तिसरा, डी वर चौथा. हे तिन्ही घट्ट लागले तर बहुतेक वेळा आतलं लोखंड ठीक आहे आणि रोग वायरीत, सेन्सरमध्ये नाहीतर चिखलाने भरलेल्या न्यूट्रल सेफ्टी स्विचमध्ये आहे. तो स्विच उघडून साफ करता येतो. पाच मिनिटांची परीक्षा, फुकट. बॉक्स मेला असं सांगण्याआधी तुमच्या मेकॅनिकने ती केली का, एवढं विचारून बघा.

आता दुसऱ्या भावाकडे वळतो, नाहीतर तो सुटल्यासारखं वाटेल. 'कुठलाही बसतो'वाला उत्साही असतो, आणि उत्साहाच्या भरात टॉर्क कन्व्हर्टर पंपात पुरता न बसवता बोल्ट आवळून बॉक्स इंजिनाला खेचतो. कडकन आवाज येतो तो पंपाचा. गाडीची स्वतःची वायरिंग, स्विच, कॉम्प्युटर नव्या बॉक्सवर यायला हवेत हे त्याच्या गावी नसतं. फ्लेक्सप्लेटचं तर विचारूच नका. इंजिनाचा क्रँक सेन्सर तिच्यावरच्या खाचा वाचतो, आणि ९०पर्यंतच्या रेनिक्स गाड्यांच्या खाचा वेगळ्या, म्हणून ती इंजिनाबरोबरच राहिली पाहिजे. थ्रॉटलची केबल त्याला शोभेची वाटते. खरं तर तेलाचा दाब तिच्यावर ठरतो, ती सैल राहिली की आतल्या क्लच प्लेटा जळतात. वर गाडी क्रायस्लरची म्हणून क्रायस्लरचं एटीएफ प्लस फोर ओततो. अरे, बॉक्स जपानी आहे, त्याला डेक्सरॉन लागतं! आणि मग हाच माणूस जगभर सांगत फिरतो की वेगळ्या सालचे बॉक्स टिकत नाहीत. पहिल्या भावाला हवा तो पुरावा मिळाला!

असो. माझ्या ८९मध्ये ९५चा बॉक्स आहे. जंकयार्डात फळीवर सुटे बॉक्स असतात, त्यांच्यावर पिवळ्या खडूने साल लिहिलेलं असतं. मी गेलो की दाते मोजून शेजारी २१ किंवा २३ लिहून ठेवतो. तिथल्या पोराने परवा विचारलं, हे कसले आकडे. त्याला शाफ्टपाशी नेऊन मोजायला लावले. बावीस म्हणाला. म्हटलं, परत मोज.