मोप्याचं विमान दुसरीकडे उतरलं, तर दोडामार्गच्या माणसानं विचारायचं कुणाला?

मे महिन्याची दुपार सरली की पेडण्याच्या आकाशात सह्याद्रीच्या बाजूने काळे ढग चढू लागतात. 22 मे 2024 ला असाच वळीव आला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर वीज कोसळली. धावपट्टीच्या कडेचे दिवे बिघडले. वैमानिकांसाठी असते ती 'नोटॅम' ही सूचना काढून रात्री आठपर्यंत धावपट्टी बंद ठेवली गेली, सहा विमाने इतर विमानतळांवर वळवली. दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली, कुणाला इजा नाही. तांत्रिक बाजूने पाहिलं तर काम चोख झालं म्हणायचं.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. विमान निघण्याआधीच उड्डाण आराखड्यात पर्यायी विमानतळ लिहिलेला असतो. ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं इंधन, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं, असा हिशेब असतो. मोपाच्या टॉवरमध्ये विमानतळ प्राधिकरणाची माणसं, अंदाज हवामान खात्याचा, धावपट्टी आणि इमारत जीएमआर कंपनीकडे, सुरक्षा सीआयएसएफकडे. उतरायचं की वळायचं हा शेवटचा निर्णय मात्र वैमानिकाचा. इतके हात असूनही आकाशातलं काम सहसा अडत नाही, कारण कुणी काय करायचं हे कागदावर पक्कं आहे.

गोव्यात दोन विमानतळ आहेत, मग अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. मोप्याला जमलं नाही तर दाबोळी आहेच. दिवे बिघडले तेवढ्यापुरतं हे खरं. पण वादळी पाऊस आला की अर्ध्या तासाच्या फरकाने तोच ढग दोन्हीकडे असतो. शिवाय दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, तिथे नागरी विमानांना नौदलाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. म्हणून विमान बंगळुरू, हैदराबादसारख्या लांबच्या शहरात जाणं नवलाचं नाही. तिथेही एकाच वेळी पाच-सात विमाने आली की उभं करायला जागा पुरत नाही, आणि वैमानिकांचे कामाचे तास संपले तर परतीचं उड्डाण अडतं.

खरा घोळ जमिनीवर होतो. जानेवारी 2024 मधला प्रकार आठवा. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं आणि प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. व्हिडिओ देशभर फिरला. इंडिगोला 1 कोटी 20 लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही वेगळा. त्यानंतर केंद्राने सहा महानगरांच्या विमानतळांवर 'वॉर रूम' जाहीर केल्या. महानगरांच्या त्या यादीत मोप्यासारख्या विमानतळाला जागा कुठली? आणि धुक्याचे दिवस उत्तरेत, आमचे पावसाचे चार महिने इथे.

गेल्या पावसाळ्यात माझा मेहुणा सासूबाईंना आणायला रात्री मोप्याला गेला होता. विमान आलं नाही. कंपनीचा मेसेज गेला तिकिटावरच्या नंबरला, म्हणजे विमानात बसलेल्या म्हातारीच्या बंद फोनवर! कंपनीच्या खिडकीवर कुणी नव्हतं (कंपनी कुठली ते सोडा, सगळ्या सारख्याच). विमान दुसऱ्या शहरात उतरलंय हे कळायला दोन तास लागले.

मोप्याचा प्रवासी निव्वळ गोव्याचा नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग हे तर शेजारीच. चोर्ला घाटातून डिचोली मार्गे बेळगाव, खानापूरची माणसं येतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा, यंत्रणा जिल्ह्याची. उत्तर गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव असे तीन जिल्हाधिकारी आणि तीन राज्यं. मोपा बंद, घाटात झाड आडवं आणि मालपेच्या बाजूला दरड, हे तिन्ही एका रात्री घडू शकतं.

याच तालुक्यातली रेल्वे बघा. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, गाड्या थांबल्या, काही पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवल्या. त्रास झालाच. पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आधीपासून असतं, गाडीचा वेग कमी केलेला असतो, आणि गाडी कुठे अडकली हे स्टेशनमास्तरला विचारता येतं. विमानाच्या बाबतीत घ्यायला आलेल्या माणसाला विचारायला कुणी नाही.

हवामानामुळे उशीर झाला तर कंपनी भरपाई देत नाही, नियमच तसा आहे. चहा-नाश्त्याची जबाबदारी मात्र तिचीच, तेवढं तरी मागून घ्या. बाकी मागणी फार मोठी नाही. जूनच्या आधी तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयं आणि विमानतळ यांनी एकदा एकत्र बसावं, विमान वळवलं की चालू असेल असा एक फोन नंबर द्यावा, आणि मराठी-कोंकणीत बोलणारा माणूस त्यावर बसवावा. रात्री अकरानंतर पेडण्याच्या पलीकडे जाणाऱ्यासाठी एखादी बस ठेवता आली तर टॅक्सीवाल्याला सांगेल तो दर द्यावा लागणार नाही.